टेडचं मूळ

मुरबाडच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये सरांनी फळ्यावर ‘टेड’ हे क्रियापद लिहिलं आणि अर्थ विचारला. कुणालाच येईना.

“कापलेलं गवत उन्हात सुकायला पसरणं,” शेवटी सरांनीच सांगितलं. “मूळ तर त्याहून गमतीचं. ज्या जुन्या परक्या भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला, तिथे त्याचा अर्थ होता शेतात शेण पसरणं!”

सगळे खो खो हसले. वैष्णवीने तर नाक दाबलं. घरी पाच म्हशी आहेत तिच्या, तरी!

मग सरांनी शब्दापुढे लिहिलं, ‘आता कुणी वापरत नाही.’

माझं डोकं सटकलं. सिद्धगडाखालच्या आमच्या गावात मी त्याच सकाळी आईबरोबर राब रचून आले होते. भाताची रोपं जिथे वाढवायची, त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, मग पाला, वर कापलेलं गवत उन्हात सुकायला, आणि सुकलं की सगळं भाजायचं. मी उभी राहिले.

“सर, तुमच्या शब्दाचे दोन्ही अर्थ मी आज सकाळी केलेत. एकाच तुकड्यात.”

“अगं रविना, पण इंग्रजीत आता कोण...”

“ते विसरले तर त्यांचं ते बघतील. आमी नाय विसरलो.”

सर डस्टर शोधू लागले. मी थांबले नाही. पुढे जाऊन ती ओळ हातानेच पुसली. नखांत अजून सकाळचं शेण होतं.