कोरडी हळद

“शांत वाटेल असं काहीही वाजवा, काका,” म्हणत साक्षी मॅडमनी दयारामच्या हातात क्लॅरिनेट दिली, आणि त्याच्या छातीत ढोल वाजू लागला.

काशीदपासून मुरुडपर्यंत बत्तीस वर्षं त्याने हळदी वाजवल्या होत्या. एकही कोरड्या घशाने नव्हे. आधी घोट, मग सूर, असा बँडचा शिस्तशीर कारभार. त्याच शिस्तीत एकदा त्याच्या हातून बँडचा टेम्पो एकाच्या पायावर गेला आणि दयाराम तुरुंगात आला. अकरा महिने थेंब नाही, वाद्य नाही. बोटं आपली की बाटलीची, हे आज कळणार होतं.

व्यसनी कैद्यांसाठी ‘संगीतोपचार’ असं मॅडमच्या संस्थेच्या पत्रात आलं होतं. त्यातला उपचार तेवढा वाचून हवालदार गणराजने चौदाही जणांना सुईसाठी बाह्या वर करून रांगेत उभं केलं होतं. आता ते बदामाच्या झाडाखाली गोल करून बसले होते.

दयारामने फुंकर मारली. आणि बोटं धावली! हळदीची चाल अशी उसळली की बसलेले उठून नाचू लागले, मुरुडच्या सिराजुद्दीनने बादली उपडी करून ठेका धरला, गणराजचा सरकारी बूटही हलला. मॅडमनी वहीत लिहिलं : ‘विलक्षण प्रतिसाद.’

चाल थांबली. नाचणारे ओठ चाटत एकमेकांकडे बघू लागले.

“दयाभाय, काय केलंस रं!” सिराजुद्दीन म्हणाला. “मी नशेच्या गोळ्यांवाला मानूस, दारूला कदी शिवलो न्हाय. माजापन घसा सुकला!”

मॅडमनी ‘विलक्षण’ तेवढं ठेवलं, ‘प्रतिसाद’ खोडला.

“चालीतच हाय ती, मॅडम,” दयाराम ओशाळून म्हणाला. बोटं त्याची निघाली होती, सूर मात्र बाटलीचे.

“दारू लागत नाही असं एकही गाणं नाही?”

सगळे इरेला पेटले. बारसं? लागते. विसर्जन? लागते. क्रिकेटचा चषक? जिंकलो तरी, हरलो तरी.

“मयत?” मॅडमनी विचारलं.

“मयताला तर आधी लागते,” गणराज अनुभवाने बोलला.

“धवला!” दयाराम ओरडलाच.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष पडल्या जागी पडलेले असतात, तेव्हा नवरीपाशी बसून बायका धवला गातात. त्याची आई ठमाबाई गावची धवलारीण. लहानपणी तो तिच्या पदराला धरून ऐकायचा; मोठेपणी तोही पडलेल्यांतच.

“पन बायकांचं गानं हाय. त्याला बाजा न्हाय लागत.”

“वाजव रं! आमी काय वऱ्हाडी हाव?” सिराजुद्दीन म्हणाला.

पहिला सूर फाटला. दुसराही. तिसऱ्याला आईचा श्वास सापडला. संथ, चढावर जरा थांबणारा. कुणी नाचलं नाही, कुणी ओठ चाटले नाहीत. मॅडम लिहायचं विसरल्या.

दर कडव्यात तो एका जागी अडे. तिथे नवरीचं नाव घ्यायचं असतं. क्लॅरिनेटला ते कसं जमणार? तिसऱ्या कडव्याला सिराजुद्दीनच हळू म्हणाला, “दुआ. माजी पोरगी.” मग जो तो त्या रिकाम्या जागी आपल्याकडचं नाव ठेवू लागला. मैना. जनी. भिंतीकडे तोंड करून गणराजनेही एक ठेवलं.

“दयाभाय, तुजं?”

त्याने क्लॅरिनेट ओठांवरून काढली. “पूनम,” तो म्हणाला. “माजी लेक. तिचा धवला गायला, तवा मी टेम्पोत पिऊन पडलो व्हतो.”

मग त्याने वाद्य सदऱ्याला पुसलं, पाठ ताठ केली आणि पहिल्या कडव्यापासून पुन्हा धरलं.