गाईच्या पोटातल्या पिशव्या

"आधी मुक्या जिवाच्या तोंडात घास, मग आपल्या," असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. थोरल्या सुनेनं ते व्रतासारखं पाळलं. त्यामुळं गाईनं वैरणीला तोंड लावायचं सोडलं, तशी थोरलीचीही चूल थंड पडली. दुभती एकच गाय, अन् घर तिच्याच जिवावर चाललेलं.

ढोरांच्या डॉक्टरांनी गाईला उभ्यानंच बधिर केलं, डावी कूस उघडली आणि कोपरापर्यंत हात घालून ओढलं, तर प्लास्टिकची पिशवीमागून पिशवी. ओल्या, पिळा पडलेल्या. एक उलगडली तर तिच्यावर छापलेले, हात जोडून हसणारे गावचे पुढारी भाऊ!

"अगं बाई, हिनं अख्खे भाऊ गिळलेत की!" शेजारीण म्हणाली.

"म्हणूनच पचले नाहीत," धाकटी जाऊ म्हणाली.

निवडणुकीत भाऊंनी याच पिशव्यांतून घरोघर साखर वाटली होती. मग प्लास्टिकबंदी आली. भाऊंनी स्वतः दारोदार फिरून पिशव्या जप्त केल्या, फोटो काढून घेतला आणि सगळा ढीग गायरानात ओतून दिला. गाव स्वच्छ झालं. पिशव्यांना साखरेचा वास तेवढा राहिला.

बातमी लागताच भाऊ तरातरा आले.

"वहिनी, बंदी असताना तुमच्या गाईपाशी इतक्या पिशव्या? गुन्हा आहे हा!"

"तिला बिचारीला कुठं नियम वाचता येतात, भाऊ?" थोरली हळूच म्हणाली.

भाऊ नरमले. "बरं, ऐका. परवा स्वच्छ गावाचं बक्षीस घ्यायचंय, मोठे पाहुणे यायचेत. ह्या जाळू नका, धूर दिसेल. धुऊन आणून द्या. दुसऱ्या कुणाकडं नाही, माझ्याच हातात. शब्द द्या."

"दिला. पण गाईनं तोंड हलवल्याशिवाय मी गोठ्यातून हलायची नाही."

गाय डोळे मिटून उभी, आणि थोरली देवाचं नाव घेत तिच्या पायाशी. बक्षिसाच्या दिवशी सकाळी गाईनं हिरव्या गवताची काडी ओढली. मग दुसरी. ऊन अंगणात आलं तोवर ती रवंथ करायला लागली. थोरलीनं डोळे पुसले, दोन घास खाल्ले आणि दोरीवर वाळलेल्या पिशव्या घडी घालून टोपलीत रचल्या.

"भाऊ घरी नाहीत गं," जाऊ म्हणाली. "मंडपात बसलेत, पाहुण्यांच्या शेजारी. ठेव इथंच, संध्याकाळी देऊ नेऊन."

"नको बाई. सकाळपासून वाट बघत असतील."

थोरलीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, टोपली कमरेवर घेतली आणि खाली मान घालून मंडपाच्या वाटेला लागली.