सातव्या खांबापलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. 'गाडी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं असेल ते निम्म्याहून लहान करा. चार जाड चाकं, लाल अंग, सायकलसारखं हँडल, एकच सीट आणि त्या सीटखाली दोरी ओढून सुरू करायचं टू-स्ट्रोक इंजिन. मोठा माणूस बसला तर त्याचे गुडघे कानाला लागतात. म्हणून मला खेळणं मात्र म्हणू नका. खेळण्याला चावी असते, नाहीतर सेल असतात. मी पेट्रोल पिते, धूर सोडते आणि मनापासून तापते. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं कुणी माझ्याबद्दल म्हटलं तर मी मुळीच लाजत नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शेवटच्या टेबलापाशी जाड चष्म्याच्या एक बाई उभ्या असत. त्या प्रत्येक गाडीची दोरी ओढून बघत. माझ्या आधीच्या गाडीला चार झटके लागले. मी पहिल्याच झटक्याला बोलले. बाई म्हणाल्या, "ही नाव काढणार." पुढच्या गाडीलाही त्या तसंच म्हणाल्या की काय, ते मला ऐकू आलं नाही, कारण माझं इंजिन चालू होतं.

मी ज्या घरी आले ते गल्लीतलं शेवटचं घर. घरामागून मातीची वाट जाते, वाटेच्या कडेने तारेचं कुंपण आहे, त्याला वीस खांब आहेत आणि विसाव्या खांबापुढे मोकळं मैदान. त्या घरातला मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून मीही दादाच म्हणते. दादाने मला दोन वर्षं अशी पळवली की वाटेवर माझ्या चाकांच्या दोन कायमच्या खुणा पडल्या. गल्लीतली मुलं रांग लावून उभी राहायची. त्या दिवसांत माझा रुबाब विचारू नका.

आता एक गोष्ट सांगते, नीट ऐका. मोठ्या गाड्यांच्या इंजिनात तेल वेगळं ठेवलेलं असतं. माझ्यात तसं नाही. माझं तेल पेट्रोलमध्येच मोजून मिसळावं लागतं. ते नसलं तर माझा पिस्टन कोरडा घासतो आणि अडकतो. एक दिवस मैदानावर जायच्या घाईत दादाने नुसतंच पेट्रोल ओतलं. अकराव्या खांबापाशी माझ्या पोटात करकचून काहीतरी आवळलं आणि मी जागच्या जागी थांबले. घरी गेल्यावर दादा म्हणाला, "काय माहीत, आपोआप बंद पडली." सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं काय ते त्याला माहीत होतं आणि मला. मला तर बोलता येत नाही.

मग मी जिन्याखाली गेले. शेजारी बिनकडीची बादली आणि बिनचेनची सायकल. माझ्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं. सात वर्षं गेली. खरं सांगते, मला फार वाईट वाटायचं. येणारे-जाणारे माझ्या सीटवर ओल्या छत्र्या ठेवायचे.

मला तिथून बाहेर काढलं ते धाकट्या बहिणीने. ती आता नऊ वर्षांची आहे आणि सदानकदा हातात पाना घेऊन फिरते, म्हणून घरात तिचं नाव पानाबाई. त्याच सुमारास तिचे आजोबा या घरी राहायला आले. त्यांनी चाळीस वर्षं नळजोडणीचं काम केलं. "माझ्या हातचा जोड कधी गळला नाही," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. चहा पिताना म्हणतात, बूट घालताना म्हणतात. पण ते खोटं नाही.

"आजोबा, ही दुरुस्त होईल?" पानाबाईने विचारलं.

"का नाही होणार? नळ काय नि इंजिन काय, एकीकडून आत जातं, दुसरीकडून बाहेर येतं."

महिनाभर त्या दोघांनी मला अंगणात जुन्या वर्तमानपत्रांवर उघडून ठेवलं होतं. नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, प्रत्येक खळग्याला नंबर. पानाबाईने कुंभारमाशीचं घर तारेने हळूहळू कोरून काढलं. नवा पिस्टन आला, नव्या रिंगा आल्या, नवी सीलं आली. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची छोटी तोटी, आजोबांनी स्वतः बसवला. पेट्रोल-तेलाचं मिश्रण पानाबाईकडे होतं. एक लिटर पेट्रोलला औषधाच्या बाटलीचं पाच मिलीचं टोपण आठ वेळा. प्रत्येक टोपणाला ती खडूने भिंतीवर एक रेघ मारत होती. आठ रेघा. मी स्वतः मोजल्या.

रविवारी सकाळी सगळे जमले. आई ड्यूटीवरून नुकतीच आलेली, दवाखान्याच्या कपड्यांतच उभी. दादा दाराला टेकून. आजोबांनी दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मी बोलले! पानाबाई किंचाळली आणि उडी मारून बसली. पहिला खांब, दुसरा, तिसरा... सात वर्षांनी माझ्या चाकांना माती लागत होती. आणि सातव्या खांबापाशी माझा श्वास अडखळला. मी दोनदा खोकले आणि बंद पडले.

पाच मिनिटांनी दोरी ओढली, मी पुन्हा सुरू. मागे आणून पुन्हा निघालो. पुन्हा सातव्या खांबापाशी बंद.

माशी कुठे शिंकली हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्हालाही कळेल, घाई नको. मला जे सांगायचं ते मी खोकून सांगत होते, पण खोकल्याची भाषा कुणाला येते?

दादा म्हणाला, "तेल चुकलंय. मिश्रण कुणी केलं?"

"मी. आठ टोपणं. भिंतीवर रेघा आहेत बघ."

"रेघा काय, कुणीही मारेल. गप्पा मारता मारता दोन टोपणं विसरली असशील."

चोराच्या उलट्या बोंबा, आणखी काय! पानाबाईने आजोबांकडे पाहिलं. आजोबा मान खाजवत राहिले. क्षणभर त्यांनाही तसंच वाटलं असणार, आणि ते तिला दिसलं.

दादाने ते मिश्रण काढून स्वतः नवीन केलं. सातव्या खांबापाशी बंद. तर म्हणाला, "हिच्या मिश्रणाने नवा पिस्टन खराब झाला असणार." पानाबाईने दहा नंबरचा पाना पुसला, पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं. "मी आता हात नाही लावणार," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दोन दिवस रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आजोबांनी प्लग बदलला. ठिणगी चांगली निळी पडत होती, तरी बदलला. इंजिनाच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एकही आला नाही. कार्बोरेटर उघडून त्याचं बारीक भोक फुंकलं. स्वच्छ होतं. दर वेळी दादा गुडघे कानाशी घेऊन मला चालवायचा आणि दर वेळी सातव्या खांबापाशी पायी परत यायचा. पानाबाई मागच्या पायरीवर वही उघडून बसलेली असायची. पान मात्र उलटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी बंद पडले तशी ती पायरीवरूनच म्हणाली, "आजोबा, इंजिन बिघडलं असतं तर ती कुठेही बंद पडली असती ना? रोज सातव्यालाच का?"

आजोबा थांबले.

"आणि थोडं थांबलं की परत सातव्यापर्यंतच जाते. म्हणजे कुठेतरी सात खांबांपुरतंच भरतंय. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं. नळ बारीक असला की बादलीभर पाणी येतं, मग वाट बघायची."

चाळीस वर्षं नळजोडणी केलेल्या माणसाला हे नऊ वर्षांच्या नातीने सांगावं लागलं. आजोबांनी मला ढकलत अंगणात आणलं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून खाली वाटी धरली. धार यायला हवी होती. थेंब येत होते. टप. टप.

"धार नाही," आजोबा हळूच म्हणाले.

टाकी रिकामी करून त्यांनी कॉक फिरवून काढला. पानाबाई वाटी बघत होती, दादा डबा धरून उभा होता. कॉकच्या तोंडाशी काय होतं ते फक्त आजोबांनी पाहिलं आणि मी. पांढऱ्या टेपचा बोटभर तुकडा. नळवाले लोक जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात ना, तीच टेप. आजोबांनी सवयीने गुंडाळली होती, चांगले पाच वेढे. तिचं टोक आत लोंबत राहिलं. पेट्रोल वाहू लागलं की ते तोंडावर चिकटायचं आणि वाट जवळजवळ बंद करायचं; थेंबाथेंबाने कार्बोरेटरमध्ये साठेल तेवढ्यावरच मी सात खांब जायचे.

आजोबांनी तो तुकडा ओढून काढला आणि त्यांची मूठ मिटली.

मित्रांनो, त्या मिटलेल्या मुठीकडे मी बघत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. 'कचरा होता' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चाळीस वर्षांचा शब्द तसाच राहिला असता. सात वर्षांपूर्वी 'आपोआप' हा एक शब्द असाच चालून गेला होता आणि मी जिन्याखाली गेले होते. या वेळी कोण जाणार होतं, ते पायरीवरच्या पानाबाईच्या बंद पेटीकडे बघून मला कळत होतं.

"पानाबाई, इकडे ये," आजोबा म्हणाले. त्यांनी मूठ उघडली. "ही माझी टेप आहे. मी एक थेंब गळू दिला नाही, आणि पुढे जाऊही दिला नाही. तुझ्या आठ रेघा बरोबर होत्या. मी त्या दिवशीच तसं म्हणायला हवं होतं. चुकलो."

पानाबाईने तो तुकडा बोटांनी ताणून बघितला. "पाच वेढे?" ती म्हणाली. "आजोबा, हे पेट्रोल आहे, पूर नाही!"

आई दारातून हसली. आजोबाही हसले आणि डोळे पुसू लागले. दादा हसला नाही. त्याने डबा खाली ठेवून माझ्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, "तेव्हा ती आपोआप बंद नव्हती पडली. मी तेल घालायचं विसरलो होतो."

कुणी त्याला रागावलं नाही. पानाबाईने फक्त पेटी उघडली आणि दहा नंबरचा पाना त्याच्या हातात दिला. "कॉक तू बसव," ती म्हणाली. "टेपशिवाय."

त्या संध्याकाळी मी सातव्या खांबापाशी आले तेव्हा माझ्यावर पानाबाई होती आणि तिने श्वास रोखून धरला होता. मी मात्र रोखला नाही. आठवा खांब गेला, नववा गेला. अकराव्यापाशी मला जरा जुनं आठवलं, पण तोही गेला. विसाव्या खांबापुढे मैदान होतं तसंच होतं, आणि मागून एक म्हातारा माणूस टाळ्या वाजवत धावत येत होता.

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला तेल मोजून घाला आणि त्याच्यावर ओल्या छत्र्या ठेवू नका. ते बंद पडलं तर आधी कारण शोधा, माणूस नंतर. आणि कारण तुमच्याच मुठीत निघालं, तर ती उघडा. माझ्या इंजिनाचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण कुणी विचारलं की तुझ्यात सगळ्यात भारी काय आहे, तर मी माझ्या हँडलकडे बोट दाखवीन, मला बोट असतं तर. तिथे आजोबांनी तो पांढऱ्या टेपचा तुकडा सगळ्यांना दिसेल असा बांधून ठेवला आहे.