केसाएवढ्या वाटेवरचा थेंब

पौषातली सकाळ. धुक्याने शुभ्रवसना झालेली टेकडी, दवाने जडावलेली मोहाची झाडं आणि झोपडीच्या दारातून आत रांगणारं कोवळं, केशरी ऊन. त्या उन्हाला अजून ऊब नव्हती.

दारात कौसल्या नर्सबाई, तळहातावर रक्त तपासायची, काचेसारखी चिमुकली चिप घेऊन. समोर जैवंती, आणि लुगड्याच्या आत, तिच्या उघड्या उराशी, इवलीशी लेक. पोर वजनाने उणी, म्हणून अशी अंगाशी धरायला नर्सबाईनेच शिकवलं होतं.

जैवंतीचा पहिला मुलगा सिकलसेलने, रक्ताच्या त्या वंशागत दुखण्याने, गेला. त्याची झोळी अजून आढ्याला गुंडाळून बांधलेली. हीही तेच दुखणं घेऊन आली असेल, तर? दुधाने तोंड पोळलेली आई लेकीला नावानेसुद्धा हाक मारत नव्हती.

चिपमध्ये केसाएवढी वाट; वाटेत लेकीच्या टाचेतला माणिकवर्णी थेंब. टोकाशी मऊ फुगवटा, तोच पंप. एकदाच दाबायचा, तो हळूहळू फुगतो, थेंबाला पुढे ओढतो. दुसऱ्यांदा दाबला की हवा शिरली, चाचणी बुडाली. शेवटी निळी रेघ आली की चाचणी पुरी. तिच्या पलीकडे तांबडी उमटली, तर आजार.

नर्सबाईने फुगवटा दाबला. थेंब निघाला. सरकला. सरकला, आणि मध्येच थांबला.

"थांबला का जी, बाई?"

नर्सबाई चिपवर वाकली. ही शेवटची चिप. दुसरी यायला होळी उजाडली असती. पुन्हा दाबायला बोट शिवशिवलं. तिने फुगवटा नुसता चाचपला: ताठ, गारठलेला. लसींसोबत चिपही तिने बर्फाच्या डब्यातून आणली होती! सारा जन्म लसी वाहण्यात गेलेला. दवाखान्याचं जे जे, ते गार ठेवायचं, हे हाडीमाशी भिनलेलं. कामसू माणसाची चूकही कामसूच. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

थेंबाची कड सुकून काळवंडू लागली.

"जैवंते, हीही धर उराशी. लेकीला धरतेस तशी."

जैवंतीने धरली. एकीकडे लेक, एकीकडे लेकीचं दैव. तिचा श्वास चढत होता, उतरत होता. बाहेर धुकं विरत होतं.

नर्सबाईने चिप हळूच बाहेर घेतली. तव्यावरच्या भाकरीसारखा फुगवटा वर येत होता, आणि थेंब चालत होता. चालत होता. वाट संपली. निळी रेघ उमटली, ठसठशीत. पलीकडची जागा पांढरी. दोघी बघत राहिल्या. पांढरीच.

"नाही आली," नर्सबाईने डोळ्यांना पदर लावला. "नाही आली गं, माय."

जैवंती हसली नाही, रडली नाही. लेकीला तिने नर्सबाईच्या मांडीवर दिलं, टाचा उंचावल्या, आणि आढ्याची गाठ सोडू लागली. जुनी गाठ, घट्ट गाठ. सुटली. उन्हात सोनेरी धूळ उडाली.

"ये गं, फुलवंती," ती म्हणाली. आणि झोळी हलू लागली, संथ, संथ, भरलेली.