दोन थेंब

नवीन केमिस्ट बाई रुजू झाल्या त्याच आठवड्यात बॉयलरचं पाणी बिघडलं. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात ही हकिकत सगळ्यांना तोंडपाठ होती, आणि सांगताना 'त्याच आठवड्यात'वर जरा जास्तच जोर यायचा.

बाईंच्या आधी बावीस वर्षं तिथं नाना होते. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातले क्षार, मोजून रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. रजिस्टरात बावीस वर्षं एकच आकडा होता: दोन. बाईंनी पहिल्याच सोमवारी तपासलं तर चाळीस आला. गुरुवारी नव्वद.

मॅनेजरनी जुनी रजिस्टरं टेबलावर रचली. "नानांच्या काळात आकडा इकडचा तिकडे झाला नाही. तुम्ही आलात आणि नव्वद?"

"पाणी जड आहे, साहेब. मी फक्त लिहिलं."

"लिहिण्याआधी विचारायचं तरी."

आकडा न लिहून पाणी मऊ होणार नव्हतं. महिन्याभरात चिमणीवरचा तापमानाचा काटा दोनशे पंधरावरून दोनशे ऐंशीला गेला. आत नळ्यांवर क्षारांचा थर बसला की आगीची ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही, सरळ चिमणीतून वर जाते. कोळसा जास्त आणि वाफ कमी. रंगखात्याचे लोक बाईंकडे बघून न बघितल्यासारखं करू लागले.

बाई रुजू झाल्या त्या आठवड्यात आणखीही एक गोष्ट घडली होती, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं. पाणी मऊ करणारी टाकी अधूनमधून मिठाच्या पाण्यानं धुवावी लागते. ते काम आता एक नवं पॅनेल आपोआप करायचं, दर चौथ्या दिवशी. टाकीच्या व्हॉल्व्हला कुलूप लागलं होतं. पॅनेल मॅनेजरनी स्वतः प्रदर्शनातून पसंत करून आणलं होतं, त्यामुळे त्याच्यावर संशय घेणं शिष्टाचारात बसत नव्हतं.

एका रविवारी बाई बाटलीत पाणी भरून नानांच्या घरी गेल्या. आपलंच काही चुकत असेल तर शिकून घ्यावं, या विचारानं.

नानांना फार आनंद झाला. एका पायात तपकिरी आणि दुसऱ्यात हिरवा मोजा घालून ते बाहेर आले. कारखान्यात हा विद्वानाचा विसरभोळेपणा समजला जायचा. काकूंनी चहा ठेवला. नानांनी जुनं सामान काढून खिडकीपाशी मांडलं, बाटलीतलं पाणी चंचुपात्रात घेतलं, त्यात रंगाची चिमूट टाकली. पाणी लालभडक झालं.

"आता हे थेंब मोजत टाकायचे. निळं झालं की थांबायचं," नाना म्हणाले. "एक. दोन. झालं बघ, पोरी. निळंशार."

बाईंनी चंचुपात्राकडे पाहिलं. पाणी पहिल्याइतकंच लाल होतं.

"हो, नाना," त्या म्हणाल्या.

"तू घाई करत असशील. रंगाकडे शांतपणे बघावं लागतं."

काकू कप घेऊन आल्या. त्यांची नजर पाण्यावर गेली, मग बाईंवर. "साखर पुरेशी आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

सोमवारी बाईंनी बॉयलरच्या मिस्त्रींना गाठलं. मिस्त्री चाळीस वर्षं त्या आगीसमोर उभे होते.

"मिस्त्री, नानांना लाल-निळं कळत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

मिस्त्रींनी आधी बॉयलरची काच पुसली, मग हात पुसले. "पहिल्याच वर्षी कळलं. पण माणूस देवासारखा. माझ्या मुलीच्या आजारपणात रोज येऊन बसायचे. त्यांना कोण सांगणार?"

"मग बावीस वर्षं बॉयलर चालला कसा?"

"साबणानं. सकाळी टाकीतून येणाऱ्या पाण्यात हात धुवायचो. फेस आला तर ठीक. नाही आला की टाकी मिठानं धुऊन टाकायचो. बहुतेक रोजच धुवावी लागे. आता कुलूप आहे."

म्हणजे रजिस्टर खोटं होतं तोवर बॉयलर उत्तम चालला, आणि खरं झालं तसा बिघडला. बाईंना हसू आलं आणि राग आला. राग कुणावर काढावा ते मात्र ठरेना.

नानांचं नाव मध्ये न आणता हे पटवायचं होतं. टाकी धुतल्याच्या दिवशीचं पाणी एका बादलीत, चौथ्या दिवसाचं दुसरीत, अशा दोन बादल्या त्यांनी मॅनेजरच्या केबिनमध्ये नेल्या. "साहेब, जरा हात धुता?"

पहिल्या बादलीत फेस मावेना. दुसरीत साबणाचा नुसता पांढरा चोथा झाला. आकड्यांनी, आलेखांनी, चिमणीच्या काट्यानं न हललेले मॅनेजर चिकट बोटांकडे बघत बसले.

"म्हणजे पॅनेलनं टाकी रोज धुवायची?"

"हो."

"मग एवढं साधं आधी का नाही सांगितलं?"

बाईंनी चार पत्रं दिली होती. ती त्याच टेबलाच्या खणात होती.

बॉयलर दोन दिवस थंड ठेवून नळ्या साफ केल्या. अंड्याच्या कवचाएवढ्या जाडीच्या खपल्या निघाल्या, तीन पोती भरून. काटा पुन्हा दोनशे पंधरावर आला.

अहवाल लिहिताना बाईंनी साबणाच्या युक्तीसाठी मिस्त्रींचं नाव घातलं. त्यांनी ते खोडायला लावलं. "माझं नाव आलं की लोक विचारणार, तुम्हाला हे का करावं लागलं. मग नानांचं काय राहिलं?" अहवालात अखेर एवढंच उरलं: पॅनेलच्या वेळेत बदल केल्यामुळे सुधारणा.

ते वाचून पॅनेलवाल्या कंपनीला भरून आलं. त्यांनी फोटोवाला पाठवला आणि नव्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर बॉयलरघर छापलं. मध्यभागी पॅनेल, शेजारी हसरे मॅनेजर. कडेला उभे असलेले मिस्त्री खांद्यापाशी कापले गेले होते.

मिस्त्रींनी एक प्रत मागून घेतली आणि घरी नेली. बायकोनं चष्मा लावून पान उलटंपालटं केलं. "यात तुम्ही कुठं आहात?"

मिस्त्रींनी बोट ठेवलं. "हा हात. हा माझा."

तिनं तो बराच वेळ निरखला. मग म्हणाली, "ओळखला मी. नखं कापायला झालीत."