सैल टोपण

निळं टोपण बाटलीवर वाकडं बसलं होतं – आट्यांत न बसता नुसतं वर ठेवल्यासारखं – आणि रोहिणीला आधी तेच दिसलं, आतलं पाणी नंतर. पाणी लाल व्हायला हवं होतं. ते ताकासारखं पांढरट, गढूळ होतं. शेजारची बाटली तशीच, तिच्या पलीकडचीही. आणि प्रत्येकीतलं पाणी गळ्याच्या बरंच खाली उतरलेलं. तिने तर काठोकाठ भरून टोपणं करकचून आवळली होती. दिवाळीच्या सुट्टीत बारामतीच्या कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून भिगवणच्या गाळातून वेगळे काढलेले हे जीवाणू तिने निमगावला घरी आणले, स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडले आणि चार दिवस माहेरी जाऊन आली.

"आत्या, ह्या बाटल्यांना कुणी हात लावला?"

"मीच." तिच्या सासूबाई, बानूबाई, भाकरी थापत होत्या. "जीव हाय म्हणालीस न्हवं त्यात? आन् तोंडं गच्च बांधलेली. म्हटलं, गुदमरत्याल. थोडं थोडं वतून दिलं, टोपणं ढिली केली, सकाळ-संध्याकाळ हलवत हुते."

रोहिणीच्या डोक्यात सणक गेली. महिनाभराची मेहनत... आणि खरं सांगायचं तर त्या रागाचं तिला बरंही वाटलं, कारण आज तो राग कामी येणार होता. लोणी देवकरच्या कारखान्यातून पाळी सुटली की शंभूराजचा, तिच्या नवऱ्याचा, फोन येणार. बारामतीच्या फ्लॅटचं हो की नाही, ते आज सांगायचं. दोघांनीच राहायचं. मालक उद्यापर्यंत थांबणार नव्हता. गेली दोन वर्षं ती शंभूराजला सांगत आली होती – या घरात मला हवाच मिळत नाही, मी गुदमरते – आणि आत्यांना मात्र अजून काहीच सांगितलं नव्हतं. आता सांगायला निमित्त तरी झालं.

तिने बाटली उजेडात धरली. मेलेले नव्हते ते; उलट भरपूर वाढले होते, म्हणून तर पाणी गढूळ. वर्गात हेच तर शिकवतो आपण! हवा मिळाली की हे जीवाणू आपल्यासारखेच श्वास घेऊन जगतात. मग उजेड खायची गरज उरत नाही, आणि रंग तयार करणाऱ्या जनुकांवर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसून राहतं. जनुकं जातात कुठे – नुसती वाचली जात नाहीत. हवा संपली की पहारेकरी उठतो, लाल रंग तयार होतो आणि त्या रंगाच्या जोरावर हे उजेडावर जगतात. उजेड जितका मंद, तितका रंग गडद...

पिठाच्या डब्यामागे एक बाटली आत्यांच्या नजरेतून सुटली होती. कोपऱ्यात, अर्ध्या अंधारात, टोपण घट्ट. रोहिणीने ती बाहेर काढली आणि बघतच राहिली. बिटाच्या पाण्यासारखी गडद लाल! इतका रंग प्रयोगशाळेतसुद्धा कधी आला नव्हता.

त्याच कोपऱ्यात, पिठाच्या डब्याला टेकून, तिने लग्नानंतर एमएस्सी केली होती. पाहुणे आले तरी आत्या तिला उठू देत नसत – ती पेपराला बसलीया, म्हणायच्या, आणि पहाटेच्या भाकऱ्या स्वतःच्या अंगावर घ्यायच्या. मग मी गुदमरते म्हणते ती कशाने? छे, काहीतरीच. जीवाणूंवरून माणसांचे निष्कर्ष काढणाऱ्या पोरांचे गुण कापते मी. माणूस म्हणजे काय बाटलीतलं पाणी आहे? पण विचार आला तो आला, आणि मघाचा राग हाताशी धरायला गेली तर सापडेना.

"मेली व्हय गं?" बानूबाईंचा हात भाकरीवरच थांबला होता.

त्या आवाजाने तिला आत्यांनी सांगितलेलं कोकरू आठवलं. आत्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. नुकतं जन्मलेलं कोकरू पोत्यात घालून घोड्यावर लादायचं, मुंडकं बाहेर ठेवून. पण एकदा गारठा होता म्हणून आत्यांनी मायेनं पोत्याचं तोंडच बांधलं. मुक्कामाला पोचून सोडलं तेव्हा... तेव्हापासून या घरात कुठल्याच पिशवीला गाठ नसते. डाळीत किडे होतात, साखरेला मुंग्या लागतात, आणि रोहिणी त्यावरूनही कितीदा चिडली आहे.

"न्हाय, आत्या. जित्ती हायती समदी. फकस्त रंग न्हाय आला."

"मग झालं." भाकरी तव्यावर पडली. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "शंभूनं सांगितलं मला, बारामतीचं. तितं खिडक्या मोठाल्या हायत्या म्हणं. जावा की. जित्त्या जीवानं कोंडून कशापायी ऱ्हायचं?"

आत्यांना कळलं होतं तर! कधीपासून? काहीतरी करायला हवं म्हणून रोहिणीने फ्रिजमधलं, जीवाणूंच्या खाद्याचं उरलेलं द्रावण काढलं, एकेक बाटली पुन्हा काठोकाठ भरली, टोपणं आवळली. बानूबाई बघत होत्या. प्रत्येक टोपणाबरोबर त्यांचे ओठ मिटत होते. शेवटच्या बाटलीपाशी रोहिणीचा हात थांबला.

"ही ऱ्हाऊ द्या उघडी," ती म्हणाली. "हवा दिल्यावर काय हुतं, ते दाखवायला लागंल मला. तुमीच बघा हिच्याकडं."

फळीवरचा फोन वाजू लागला. शंभूराज. मी गुदमरते, हे दोन वर्षं तोंडात तयार असलेलं वाक्य वर येईना, आणि त्याच्या जागी दुसरं कुठलं आलंय असंही नव्हतं. बानूबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, उघडी बाटली उचलली आणि सांडू न देता, जपून, हलवायला लागल्या.