कोपऱ्यातली फट

फ्रेमवाल्याच्या दुकानात वर्षातून दोनदा गर्दी व्हायची, आणि दोन्ही वेळा ती कम्युनिटी कॉलेजच्या कृपेने. निकाल लागले की माणसं प्रमाणपत्रांच्या सुरळ्या काखेत मारून यायची. संगणक, शिवणकाम, केस कापणं, बेकरी. शिकलेल्याचं पुढे काय व्हायचं कोण जाणे, पण काचेआड ते सुरक्षित राहायचं. इतकी प्रमाणपत्रं हाताखालून जाऊनही आपण एखादं घ्यावं असं फ्रेमवाल्याला वाटलं नव्हतं. औषधाच्या दुकानदाराला कुठे खोकल्याचं औषध प्यावंसं वाटतं?

पण अलीकडे करवतीने पट्टीचा तिरका काप घेताना हात थरथरायला लागला होता. दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटतात तिथे फट राहायची. दिसेल न दिसेल एवढीच, पण गिऱ्हाईक पैसे देताना नेमकं तिथेच बघतं. तो काप घेणारं मशीन हवं होतं, मशीनला कर्ज हवं होतं, आणि कर्जापाशी मेहुणा उभा होता.

"दाजी, उद्योजकतेचं सर्टिफिकेट असेल तर बँक व्याज दोन टक्के कमी लावते." मेहुण्याला जगातल्या सगळ्या सवलती पाठ होत्या. घेतलेली एकही नव्हती.

"फी किती?"

"दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं धरा. पण दाजी, ती फी नाही, गुंतवणूक आहे."

"खिशातून जाताना दोन्ही सारखंच दिसतं रे."

"करून टाका," आतून बायको म्हणाली. "ते कोपरे बघवत नाहीत हल्ली."

हे मात्र लागलं. फी भरली गेली.

वर्ग संध्याकाळी, म्हणजे लोक कामावरून सुटून फ्रेमा करायला येतात नेमक्या त्या वेळी. धंदा कसा वाढवावा हे शिकायला धंद्याला कुलूप लावून जायचं, यातली गंमत फ्रेमवाल्याखेरीज कुणाच्या लक्षात आली नाही. सरांनी जन्मात काही विकलं नव्हतं, पण विक्रीची आकृती ते फळ्यावर अशी काढत की ती आकृतीच विकत घ्यावीशी वाटे.

एकदा सरांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचा धंदा आत्ता चालू आहे?"

एकच हात वर गेला. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी खडू खाली ठेवला. "या, पुढे या. गिऱ्हाईक कोण, कुठून येतं, कधी येतं, सगळं सांगा."

फ्रेमवाल्याचं बोलणं घरी कुणी दोन वाक्यांच्या पुढे ऐकत नसे. इथे अख्खा वर्ग कान देऊन बसलेला. तो सुटलाच. कॉलेजचे निकाल, पट्टी कुठे स्वस्त मिळते, काचेत किती पैसे सुटतात, सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की कॉलेजच्या गेटपासून दुकानापर्यंत पायी यायला लोक फार कुरकुरतात. पुढच्या बाकावर एक मुलगी होती, विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून आलेली. ती भराभर लिहून घेत होती.

"काका, ते काचेचं परत एकदा सांगाल?"

त्याने परत सांगितलं. घरी येऊन बायकोला म्हणालाही, मुलगी हुशार आहे.

शेवटी प्रत्येकाने एकेका धंद्याचा आराखडा लिहायचा होता. मुलीचा पहिला आला. फ्रेमवाल्याच्या आराखड्यावर सरांनी शेरा मारला, "माहिती अपुरी." सगळं तोंडी सांगून झालंय, तेच पुन्हा काय लिहायचं, असं त्याला वाटलं होतं. तरी पास केलं.

बँकेतल्या साहेबांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं. "वा, छान. पण अडचण अशी आहे, तुमच्या भागात फ्रेमच्या एका दुकानाला आम्ही नुकतंच कर्ज दिलंय. कॉलेजच्या गेटवर. एवढ्याशा परिसरात दोन दुकानं चालणार नाहीत असं त्यांच्या आराखड्यातच आहे."

"अहो, पण मी तिथे आधीपासून आहे!"

"आहे ना, तुमचा उल्लेख आहे." साहेबांनी पान काढून वाचलं. "जुने दुकान. संध्याकाळी बंद असते."

मेहुणा घरीच बसला होता. "दाजी, अपयश हाही एक अनुभवच असतो."

"मग त्याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं ते बघून ये."

मेहुणा खरंच विचारात पडला.

बायकोने सुरळी उघडून पाहिली. "एवढं करून मिळालं काय म्हणायचं आपल्याला?"

"फी गेली, संध्याकाळचं गिऱ्हाईक गेलं, कर्ज गेलं. मिळाला कागद, आणि गेटवर दुसरं दुकान."

"निदान कागदाला फ्रेम तरी करा."

"कशाला? चांगली पट्टी वाया."

"गेटवर स्वस्तात करून देतात म्हणे," बायको म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सवयीने दुकानाला कुलूप लागलं आणि सवयीनेच पाय कॉलेजकडे वळले, फक्त या वेळी काखेत प्रमाणपत्राची सुरळी होती. गेटवरच्या नव्या दुकानातून मुलीने लांबूनच हाक मारली.

"काका! तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे?"

"घे. सरांनी काय शिकवलंय? ओळखीच्याला सूट म्हणजे धंद्याला भोक."

"बरं," म्हणून तिने पूर्ण पैसे घेतले.

मशीनने पट्टीवर एक दाब दिला, काप पडला. हातही लावावा लागला नाही. चार पट्ट्या, काच, मागे पुठ्ठा, झालं. फ्रेमवाल्याने फ्रेम उचलून दिव्याखाली धरली आणि अंगठ्याचं नख एकेका कोपऱ्यावरून सावकाश फिरवलं.

"काय शोधताय, काका?"

"फट."

"आहे?"

नख चौथ्या कोपऱ्यावर पोचलं होतं.

"नाही," फ्रेमवाला म्हणाला, आणि परत पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.